जलतरण तलावाचे अंतर्गत अस्तर (थंडीतील काम)

जलतरण तलावाचे अंतर्गत अस्तर म्हणजे तलावाच्या काँक्रीटच्या टाकीला आतून दिलेला आणि पाण्याच्या थेट संपर्कात राहणारा शेवटचा थर होय. हा थर सिमेंटचा गिलावा, संगमरवरी चुऱ्याचा पांढरा गिलावा, फरशा किंवा रंग यांपैकी एखाद्या प्रकारचा असतो. टाकीतील पाणी धरून ठेवण्यास मदत करणे, पृष्ठभाग गुळगुळीत व सहज स्वच्छ करता येण्याजोगा राखणे आणि तळ स्पष्ट दिसू देणे ही त्याची प्रमुख कार्ये आहेत.

मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांत हे काम बहुधा डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात केले जाते. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ७८६१ (भाग २) या संहितेनुसार तापमान ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली गेले असता केलेले काँक्रीटकाम 'थंड हवामानातील काम' समजले जाते. नांदेड-लातूरचा हिवाळा या व्याख्येत क्वचितच बसतो. तरीही तेथील थंड रात्री, कोरड्या दुपारी आणि दोन्हींमधील मोठा फरक यांमुळे हिवाळ्यात केलेल्या अस्तराला भेगा, पापुद्रे व डाग पडण्याचा धोका असतो. सदोष अस्तराची दुरुस्ती करायची तर भरलेला तलाव रिकामा करून पुन्हा भरावा लागतो, आणि ही वेळ बहुधा उन्हाळ्यात, म्हणजे पाण्याची टंचाई सर्वाधिक असताना येते.

हिवाळ्यात काम करण्याची कारणे

मराठवाड्यातील बहुतेक तलाव उघड्यावर असतात व त्यांचे पाणी तापवले जात नाही. त्यामुळे हिवाळ्यात पोहणाऱ्यांची संख्या घटते आणि मार्चपासून, विशेषतः परीक्षा संपल्यावर, ती वाढते. पावसाळ्यात उघड्या टाकीत गिलाव्याचे काम करणे अवघड असते. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंशांच्या वर जाते, माल झपाट्याने सुकतो आणि तलावाची गरजही याच काळात असते. म्हणून दिवाळीनंतर तलाव रिकामा करून फेब्रुवारीअखेर तो पुन्हा भरणे हा व्यवहार्य क्रम ठरतो.

पाण्याचा हिशेब

२५ मीटर लांब, १२.५ मीटर रुंद आणि सरासरी १.५ मीटर खोल तलावात सुमारे ४ लाख ६९ हजार लिटर पाणी मावते. १० हजार लिटर क्षमतेच्या टँकरने तो भरायचा झाल्यास सुमारे ४७ खेपा लागतात.

या आकड्याचे महत्त्व लातूरच्या एका घटनेवरून लक्षात येते. सलग दुष्काळामुळे लातूर शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडल्यावर २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोहोचलेल्या पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या व त्यांत एकूण सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. म्हणजे मध्यम आकाराचा एक तलाव एकदा भरण्यास त्या गाडीतील जवळपास सर्व पाणी लागले असते.

वरील तलावाच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ ३१२.५ चौरस मीटर आहे. पातळी १ मिलिमीटरने उतरली तर ३१२.५ लिटर पाणी कमी होते. अस्तरातील दोषामुळे रोज केवळ ३ मिलिमीटर गळती होत असेल, तर दिवसाला सुमारे ९४० लिटर आणि महिन्याला २८ हजार लिटरहून अधिक पाणी वाया जाते.

पूर्वपरंपरा

सिमेंटचा प्रसार होण्यापूर्वी पाण्याच्या हौदांना व टाक्यांना आतून चुन्याचा गिलावा केला जात असे. कंधार, उदगीर व औसा येथील भुईकोट किल्ल्यांच्या काळात चुना हेच बांधकामातील मुख्य बंधक द्रव्य होते. भिजवलेला चुना वाळूसह बैलाच्या घाणीत मळला जाई. पाण्याच्या जागी वापरायच्या चुन्यात भाजलेल्या विटांचा चुरा, म्हणजे सुरखी मिसळत. सुरखीमुळे चुना ओलाव्यातही घट्ट होतो. गूळ, बेलफळाचा गर, हिरडा इत्यादी पदार्थही त्यात घालण्याची पद्धत होती.

चुना सावकाश घट्ट होत असल्याने जुन्या कामात दीर्घकाळ ओलावा राखणे व पुनःपुन्हा घोटणे हा कामाचाच भाग असे. सिमेंटच्या वेगामुळे हा धीर मागे पडला. थंडीत मात्र सिमेंटही मंदावते, आणि जुन्या कामाइतका नसला तरी काही धीर पुन्हा आवश्यक ठरतो. गुळाची परंपरा मात्र सिमेंटला लागू करता येत नाही. साखर व गूळ यांचे अल्प प्रमाणही सिमेंट घट्ट होण्याची क्रिया लांबवते.

स्थानिक हवामान

लातूर बालाघाटाच्या पठारावर, तर नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात वसलेले आहे. दोन्ही ठिकाणी जानेवारीत किमान तापमान साधारण १२ ते १५ अंश आणि कमाल तापमान २८ ते ३० अंश असते. उत्तरेकडून थंड वारे आल्यास किमान तापमान १० अंशांच्या खाली जाते. शेजारच्या परभणीत थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरल्याच्या नोंदी आहेत.

दिवस व रात्र यांतील सुमारे १५ अंशांचा फरक हे या हिवाळ्याचे मुख्य लक्षण होय. पहाटे हवा थंड असते व पृष्ठभागावर दव पडू शकते. दुपारी आकाश निरभ्र, ऊन प्रखर आणि हवा कोरडी असते. एकाच गिलाव्याला चोवीस तासांत या दोन्ही अवस्थांतून जावे लागते.

रिकाम्या तलावातही सर्वत्र सारखे तापमान नसते. डिसेंबरच्या अखेरीस लातूर येथे मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश उंचीवर असतो. त्या वेळी १.५ मीटर उंचीच्या दक्षिण भिंतीची सावली तळावर सुमारे १.३ मीटरपर्यंत पडते. दक्षिण भिंतीच्या आतील बाजूला या काळात दिवसभर थेट ऊन मिळत नाही, तर समोरची उत्तर भिंत तापत राहते. एकाच दिवशी एकाच मालाने लिंपलेल्या या दोन भिंती म्हणूनच वेगवेगळ्या वेळी घट्ट होतात.

सिमेंटवर होणारा परिणाम

सिमेंट वाळून कठीण होत नाही. सिमेंट व पाणी यांच्या रासायनिक संयोगातून, म्हणजे हायड्रेशनमधून ते कठीण होते. या क्रियेचा वेग तापमानावर अवलंबून असतो. भारतात सिमेंटच्या चाचण्या २७ अंशांच्या आसपास घेतल्या जातात. साध्या पोर्टलँड सिमेंटचा प्राथमिक घट्टपणा ३० मिनिटांच्या आत येऊ नये आणि अंतिम घट्टपणा ६०० मिनिटांच्या आत यावा, ही मर्यादा त्याच तापमानाला लागू आहे. पहाटेच्या १२ अंशांत हेच सिमेंट पुष्कळ सावकाश घट्ट होते.

किती सावकाश, याचा अंदाज 'परिपक्वता' या संकल्पनेने घेता येतो. सिमेंटची वाढ उणे ११ अंशांना थांबते असे गृहीत धरून सरासरी तापमानात ११ मिळवतात व त्या बेरजेला दिवसांच्या संख्येने गुणतात. २७ अंशांत ७ दिवस झाल्यास (२७ + ११) × ७ = २६६ ही परिपक्वता मिळते. इतकीच परिपक्वता येण्यास लागणारा काळ पुढीलप्रमाणे :

• सरासरी तापमान २१ अंश (सामान्य जानेवारी) : २६६ ÷ ३२ = सुमारे ८.३ दिवस
• सरासरी तापमान १७ अंश (सावलीतील भिंत) : २६६ ÷ २८ = ९.५ दिवस
• सरासरी तापमान १४ अंश (थंडीची लाट) : २६६ ÷ २५ = सुमारे १०.६ दिवस

हा हिशेब ढोबळ आहे. ओलावा टिकून राहिला तरच तो लागू पडतो. पाणी आधीच उडून गेल्यास हायड्रेशन अपुरे राहते आणि नंतर कितीही दिवस गेले तरी अपेक्षित बळकटी येत नाही. मराठवाड्यातील मूळ अडचण हीच आहे. थंडीमुळे माल ओला राहण्याचा काळ लांबतो आणि त्या लांबलेल्या काळात दुपारचे ऊन व कोरडा वारा त्यातील पाणी शोषून घेतात. काश्मीर किंवा उत्तर अमेरिकेतील थंड प्रदेशांत ताज्या मालातील पाणी गोठून सुमारे ९ टक्के प्रसरण पावते व गिलावा आतून फुटतो. नांदेड-लातूरला गोठण्याचा धोका जवळपास नाही, परंतु अकाली सुकण्याचा आहे.

अस्तराचे प्रकार

साधा सिमेंट गिलावा : एक भाग सिमेंट व तीन भाग वाळू यांचा, जलरोधक द्रव्य मिसळलेला थर. तो बहुधा दोन हातांत पूर्ण करतात. फरशांच्या खाली हाच थर असतो.

संगमरवरी चुऱ्याचा गिलावा : पांढरे सिमेंट व त्याच्या दीड ते दोन पट संगमरवरी चुरा यांचा सुमारे १० ते १२ मिलिमीटर जाडीचा थर. तो दिसायला आकर्षक असतो, मात्र थंडीतील चुका त्यावर डागांच्या रूपाने सर्वाधिक उठून दिसतात.

फरशा : काचेच्या किंवा चिनीमातीच्या लहान फरशा. सार्वजनिक तलावांत हा प्रकार अधिक आढळतो.

रंग : इपॉक्सी किंवा क्लोरिनेटेड रबर रंग. प्रारंभीचा खर्च कमी असला तरी तो वारंवार द्यावा लागतो.

पूर्वतयारी

तलाव रिकामा करण्यापूर्वी भूजलाची पातळी पाहणे आवश्यक असते. पावसाळा चांगला झाल्यास दिवाळीनंतरही आसपासच्या विहिरींचे पाणी वर असते. २०० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीट तळाचे वजन प्रति चौरस मीटर सुमारे अर्धा टन भरते. भूजल तळाच्या खालच्या बाजूपासून अर्धा मीटर वर असले तरी त्याचा वरच्या दिशेने पडणारा दाब तेवढाच होतो. टाकी भरलेली असताना आतील पाणी हा दाब तोलून धरते. टाकी रिकामी होताच तळ फुगण्याचा किंवा तडकण्याचा धोका निर्माण होतो. शंका असल्यास तलावालगत खड्डा घेऊन पाणी उपसतात किंवा पातळी उतरेपर्यंत थांबतात.

या भागातील काळी माती ओलाव्याने फुगते व सुकल्यावर आकसते. तलावाच्या सांगाड्याला त्यामुळे तडे गेले असल्यास नवे अस्तर ते झाकू शकते, पण रोखू शकत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या किल्लारीच्या भूकंपानंतर हा परिसर भूकंपप्रवणतेच्या वरच्या श्रेणीत समाविष्ट झाला. म्हणून आरपार तड्यांची तपासणी संरचना अभियंत्याकडून करून घेणे व दुरुस्ती अस्तराच्या आधी करणे योग्य ठरते.

जुना गिलावा लाकडी दांड्याने किंवा हलक्या हातोडीने ठोकून पाहतात. पोकळ आवाज येणारा भाग काढून टाकतात. उरलेल्या पृष्ठभागावर टाक्या मारून तो खडबडीत करतात, शेवाळ, तेलकटपणा व जुना रंग काढतात आणि स्वच्छ पाण्याने धुतात. भिंत व तळ यांच्या कोपऱ्यात गोलाई, म्हणजे वाटा काढतात, कारण काटकोनातील सांधा सर्वांत आधी फुटतो. गिलाव्याच्या आदल्या दिवशी पृष्ठभाग भिजवतात. लावतेवेळी तो आतून ओला, पण वर पाणी साचलेले नसावे. पहाटेचे दव टिपून घेणे आवश्यक असते.

माल व पाणी

बाजारात सहज मिळणारे सिमेंट पुष्कळदा राखमिश्रित, म्हणजे पोर्टलँड पोझोलाना प्रकारचे असते. ते टिकाऊ असले तरी आरंभी सावकाश बळकट होते आणि थंडीत हा फरक वाढतो. आयएस ४५६ : २००० या संहितेत काँक्रीटसाठी साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान १० दिवस ओलावा राखण्यास सांगितले आहे. कोरड्या व उष्ण हवेत हाच काळ अनुक्रमे १० व १४ दिवस सुचवलेला आहे. गिलावा काँक्रीटपेक्षा पातळ असल्याने लवकर सुकतो, म्हणून दीर्घ मर्यादा पाळणे हितावह असते.

मालाचे तापमान वाढवण्याचा सर्वांत सोपा मार्ग पाण्याचा आहे. समान वजनाच्या सिमेंट किंवा वाळूपेक्षा पाणी सुमारे पाचपट उष्णता धरते. समजा, ५० किलो सिमेंट व १५० किलो वाळू पहाटे १४ अंशांवर आहे आणि त्यात २५ लिटर पाणी घालायचे आहे. उघड्या पिंपातील १४ अंशांचे पाणी घातल्यास माल १४ अंशांचाच राहतो. कूपनलिकेचे ताजे, सुमारे २५ अंशांचे पाणी घातल्यास माल १८ अंशांवर येतो. ४५ अंशांपर्यंत तापवलेले पाणी घातल्यास तो सुमारे २५ अंशांवर जातो. जमिनीखालील पाण्याचे तापमान वर्षभर फारसे बदलत नसल्याने हिवाळ्यात विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी हवेपेक्षा ऊबदार असते. गरम पाणी वापरताना ते आधी वाळूत मिसळून मग सिमेंट घालतात. अति गरम पाणी थेट सिमेंटवर पडल्यास माल अचानक आवळतो.

कूपनलिकेच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घेणे मात्र आवश्यक असते. आयएस ४५६ नुसार मिश्रणाच्या पाण्याचा सामू ६ पेक्षा कमी नसावा. लोखंडी सळया असलेल्या कामात क्लोराइडचे प्रमाण प्रति लिटर ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे.

माल लवकर घट्ट व्हावा म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालण्याचा मोह हिवाळ्यात होतो. त्यातील क्लोराइडमुळे सळया गंजू शकतात आणि पांढऱ्या किंवा रंगीत गिलाव्यावर करडे चट्टे उमटतात. आवश्यकता भासल्यास क्लोराइडविरहित द्रव्ये, उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात व आधी लहान तुकड्यावर पाहून, वापरतात.

नांदेड-लातूर हा ऊस व साखर कारखान्यांचा प्रदेश आहे. साखरेची किंवा गुळाची रिकामी पोती आणि मळीचे डबे येथे सहज उपलब्ध असतात. असे पोते ताज्या गिलाव्यावर टाकल्यास त्याला चिकटलेली साखर विरघळून पृष्ठभाग मऊ राहू शकतो. मालासाठी वा आच्छादनासाठी अशी पोती किंवा भांडी वापरू नयेत.

लावण्याची पद्धत व वेळ

थंडीत काम सकाळी सुमारे नऊ-दहा वाजता, पृष्ठभागाची रात्रीची थंडी उतरल्यावर सुरू करतात. शेवटची घोटाई दुपारी तीन-चारपर्यंत संपेल एवढेच क्षेत्र हाती घेतात. माल घट्ट होण्याचा पहिला टप्पा दिवसाच्या उबेत पार पडावा हा त्यामागील हेतू असतो. वर उल्लेखलेल्या तलावात तळ व भिंती मिळून सुमारे ४२५ चौरस मीटर क्षेत्र होते. पांढऱ्या गिलाव्यात जोड दिसू नये म्हणून संपूर्ण काम सलग करायचे असल्यास गवंड्यांची संख्या त्या प्रमाणात वाढवावी लागते.

सावलीतील दक्षिण भिंत आधी लिंपल्यास तिला उबदार तास अधिक मिळतात. उत्तर भिंतीवर दुपारी सावलीसाठी कापड बांधतात. वाऱ्याच्या दिशेने ताडपत्रीचा आडोसा केल्यास बाष्पीभवन घटते.

थंडीत मालातील पाणी पृष्ठभागावर येण्यास अधिक वेळ लागतो. ते वर येण्यापूर्वीच थापीने घट्ट घोटल्यास पाणी वरच्या पापुद्र्याखाली अडकते आणि पुढे तो पापुद्रा सुटतो. लवकर उरकण्यासाठी ओल्या पृष्ठभागावर कोरडे सिमेंट शिंपडण्याची सवय आढळते. त्यामुळे वरचा थर सिमेंटने अतिसमृद्ध होतो, अधिक आकसतो आणि जाळीदार केसभेगा पडतात. उलट, घोटाईस उशीर झाला म्हणून वर पाणी मारून थापी फिरवल्यास पृष्ठभाग कमकुवत व डागाळलेला होतो. घोटाईची वेळ घड्याळावरून ठरवता येत नाही. बोटाने दाबून पाहिल्यावर किंचित ठसा उमटावा, पण बोटाला पाणी लागू नये, ही स्थिती योग्य समजली जाते.

पाणी मारणे व रात्रीचे आच्छादन

पृष्ठभाग पुरेसा घट्ट झाल्यावर भिंतींवर स्वच्छ गोणपाट टांगून ते सतत ओले ठेवतात आणि तळावर वाफे करून पाणी साठवतात. हवेत गारवा असल्याने पाणी मारण्याची गरज कमी झाली, हा समज चुकीचा आहे. हिवाळ्यातील दुपारची कोरडी हवा पातळ गिलावा काही तासांत सुकवू शकते.

गच्चीवरील टाकीत रात्रभर थंड झालेले पाणी दुपारी तापलेल्या भिंतीवर एकदम मारल्यास वरचा थर अचानक आकसून भेगा पडू शकतात. म्हणून ताजे उपसलेले पाणी वापरणे चांगले.

सूर्यास्तापूर्वी तलावावर बांबूंच्या आधाराने ताडपत्री पसरल्यास दिवसाची ऊब काही प्रमाणात टिकते व दव पडत नाही. थंडीच्या लाटेत ताडपत्रीवर कडब्याचा थर देता येतो, मात्र कडबा ओल्या गिलाव्याला लागू देऊ नये. आच्छादनाखाली कोळशाची शेगडी पेटवणे धोक्याचे आहे. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड कामगारांच्या जिवावर बेतू शकतो, तर कार्बन डायऑक्साइडमुळे ताज्या सिमेंटचा पृष्ठभाग भुकटीसारखा होतो.

फरशा, सांधे व रंग

फरशा चिकटवण्यापूर्वी खालचा गिलावा पूर्ण परिपक्व होऊ देतात. पाण्याखाली वापरण्यास योग्य असलेला चिकटमालच निवडावा लागतो. फरशांमधील सांध्यांत वापरले जाणारे इपॉक्सी थंडीत घट्टसर होते, पसरवण्यास अवघड जाते आणि सावकाश पक्के होते. ते दिवसा सावलीत साठवून उबदार तासांत वापरतात.

रंगासाठी दव हा मुख्य अडथळा असतो. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी अधिक असावे, हा सर्वमान्य नियम आहे. पहाटे किंवा सायंकाळी रंग दिल्यास त्याखाली ओलावा अडकून फोड येतात.

तलाव भरणे

फरशांच्या तलावात चिकटमाल व सांधे पक्के होण्यासाठी उत्पादकाने दिलेला काळ पूर्ण होऊ देतात व हिवाळ्यात तो वाढवतात. त्यानंतर पाण्याची पातळी दिवसाला सुमारे ७५० मिलिमीटरपेक्षा अधिक वाढणार नाही अशा बेताने तलाव भरतात. १.५ मीटर सरासरी खोलीसाठी किमान दोन दिवस लागतात.

संगमरवरी गिलाव्याची रीत निराळी आहे. पाण्याखाली राहणे हेच त्याचे उत्तम क्युरिंग असल्याने तो पुरेसा कठीण होताच तलाव भरण्यास घेतात. उष्ण हवेत हे लवकर साधते. थंडीत मात्र सावलीतील भिंतीवर नखाने ओरखडा उठत नाही याची खात्री करून घेतात. नळीचे तोंड सर्वांत खोल जागी गोणपाटावर ठेवतात व पातळी ठरलेल्या रेषेपर्यंत येईतो भरणे थांबवत नाहीत. मध्येच खंड पडल्यास त्या पातळीवर कायमचा पट्टा उमटतो. जेथे नळाचे पाणी रोज येत नाही, तेथे पुरेशा पाण्याची सलग सोय गिलाव्याच्या आधीच करणे अपरिहार्य असते. तशी सोय नसल्यास फरशांचा पर्याय अधिक सुरक्षित ठरतो.

नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो व पाण्याचा सामू वाढतो. पहिले काही आठवडे सामू वारंवार तपासून तो साधारण ७.२ ते ७.८ या मर्यादेत राखतात आणि मऊ ब्रशने पृष्ठभाग घासतात. थंड पाण्यात चुन्याची विद्राव्यता अधिक असते. त्यामुळे मृदू पाणी भरल्यास ते नव्या गिलाव्यातील चुना ओढून घेते व पृष्ठभाग खरखरीत होतो. याउलट दख्खनच्या बेसॉल्ट खडकातील भूजल पुष्कळदा कठीण असते व उन्हाळ्यात पाणी तापल्यावर त्यातील क्षार भिंतींवर बसतात. म्हणून भरलेल्या पाण्याची कठीणता आधीच तपासून ठेवतात.

प्रमुख दोष व त्यांची कारणे

• जाळीदार केसभेगा : कोरडे सिमेंट शिंपडणे, दुपारचे ऊन व वारा, अपुरा ओलावा.
• सुटणारे पापुद्रे : पाणी वर येण्यापूर्वी केलेली घोटाई.
• पोकळ आवाज : खालचा थर अस्वच्छ किंवा कोरडा असणे, त्यावर दव असणे.
• करडे चट्टे : कॅल्शियम क्लोराइड, घोटाईच्या वेळी मारलेले पाणी, असमान वेगाने घट्ट झालेला माल.
• पांढरा लोणा : थंड व ओलसर अवस्थेत बाहेर आलेला चुना, ज्याचा हवेशी संयोग होऊन थर बनतो.
• आडवा पट्टा : भरताना पडलेला खंड.

गळतीची तपासणी

पाण्याची पातळी उतरणे हे नेहमी गळतीचेच लक्षण नसते. उघड्या तलावातून बाष्पीभवनही होते. दोन्हींतील फरक साध्या बादलीने कळतो. तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली अशी ठेवतात की तिच्यातील पाणी व बाहेरील पाणी एकाच पातळीवर राहील. दोन्ही पातळ्यांवर खूण करून पंप बंद ठेवतात व चोवीस तासांनी पाहतात. दोन्ही सारख्याच उतरल्या असतील, तर ते बाष्पीभवन होय. तलावाची पातळी अधिक उतरली असेल, तर तेवढ्या फरकाची गळती आहे असे समजतात. फरक मिलिमीटरमध्ये मोजून त्यास पृष्ठभागाच्या चौरस मीटरने गुणल्यास रोजची गळती लिटरमध्ये मिळते.

ही चाचणी फेब्रुवारीत, तलाव खुला करण्यापूर्वी घेणे इष्ट असते. त्या वेळी विहिरींना व धरणांत तुलनेने पाणी असते, हवा अद्याप फार तापलेली नसते आणि दुरुस्तीला अवधी मिळतो. दुरुस्तीसाठी तलाव रिकामा करावा लागल्यास त्यातील पाणी काही दिवस उन्हात राहू देऊन क्लोरीन उतरल्यावर झाडांना किंवा बांधकामाला वापरता येते.